बिनगव्हाची पार्टी

गहू कायमचा बंद करा, असं ज्यांना नुकतंच सांगितलं गेलंय आणि जे घरी येऊन पिठाच्या डब्याकडं बघत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. जुनी अकरावी झालेली, कुंडलजवळच्या एका गावातली शेतकऱ्याघरची सून आहे. आजारपणातलं मला एवढंच कळतं की ज्याचं दुखतं त्याला भीती वाटते आणि ती भीती तो कुणाला सांगत नाही. मीही सांगितली नव्हती. आता सांगते.

खपल्याची खीर

आमच्याकडं रोजची ती भाकरी. चपाती सणाला, पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. लग्न होऊन आले तेव्हा मी चांगली धडधाकट होते, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा घागरी आणायचे. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पिकला नाही आणि रेशनवर गहू यायला लागला. रोज चपाती म्हणून पोरंबाळं खूश होती. मी मात्र झडायला लागले.

दिवसातून सात-आठ वेळा परसाकडं धावायचं. हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. "दिवस गेल्यात काय गं?" असं बायका विचारायच्या आणि मला रडू फुटायचं. माझी लेक नंदा तेव्हा दोन वर्षांची होती. तिला कडेवर घेतलं की चार पावलांत खाली ठेवावी लागायची.

दुष्काळ सरला, सगळी परत भाकरीवर आली. पण मी आजारी, म्हणून माझ्या ताटात चपातीच. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, फार मायेच्या. आमचे हे मिलिटरीत हवालदार, वर्षातून एकदा सुट्टीवर येणार. तेव्हा माझं सगळं त्याच बघायच्या. त्या खास माझ्यासाठी खपली गव्हाची खीर करायच्या. गूळ घालून, वर तुपाची धार सोडून वाटी पुढं सरकवायच्या.

"खा गं, अंग धरंल," म्हणायच्या.

त्या जितकी माया करायच्या तितकं माझं पोट जास्त बिघडायचं. कारण मात्र कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

मिरजेचे नऊ दिवस

पुढच्या सुट्टीत यांनी मला बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी मिरजेला नेलं. दवाखान्यात काट्यावर उभं केलं, तर चौतीस किलो. सव्वीस वर्षांची बाई आणि चौतीस किलो! नर्सनं तो आकडा दोनदा वाचला.

नऊ दिवस वॉर्डात होते. पहाटे पाचला झाडलोट, सहाला सुई, मग दिवसभर वाट बघायची. कशाची ते माहीत नाही. एके दिवशी एक बारीक नळी गिळायला लावली. आतड्याचा तुकडा काढून तपासणार म्हणाले. ती नळी घशात असताना माझ्या मनात एकच शब्द फिरत होता, कॅन्सर. माझ्या मावशीला पोटाचा कॅन्सर झाला होता. तीही अशीच सुकत गेली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी म्हातारे डॉक्टर खाटेशी आले. त्यांनी आजाराचं एक इंग्रजी नाव सांगितलं. ते तेव्हा माझ्या तोंडात बसलं नाही. मग साध्या भाषेत म्हणाले, "गव्हात एक चिकट पदार्थ असतो. तुमच्या आतड्याला तो सोसत नाही. गहू, रवा, मैदा, सगळं बंद. कणभरसुद्धा नको. ज्वारी, बाजरी, तांदूळ पोटभर खा."

"कॅन्सर न्हाई न्हवं?" यांनी विचारलं. माझी विचारायची हिंमत नव्हती.

"मला तसं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "गहू बंद केल्यावर या भरून आल्या, तर प्रश्नच मिटला. पण बंद करूनही वजन उतरलं, तर मग दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

ते दुसरं काहीतरी मी घरी घेऊन आले.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वॉर्डातल्या आयाबाईंनी हे ऐकलं आणि संध्याकाळी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर मिरचीचा खर्डा. मी ती रडत रडत खाल्ली. त्या रात्री मी एकदाही उठले नाही.

गिरणी, भाकरी आणि ताक

घरी आल्यावर आत्याबाईंनी पदर खोचला. परातीपासून चाळणीपर्यंत माझं सगळं वेगळं केलं. गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल तर दगडांत राहिलेलं पीठ आपल्यात येतं, म्हणून त्या माझी ज्वारी घेऊन तिथं ठाण मांडायच्या. कुणाची तरी चार पायली ज्वारी दळून झाली की मगच आमची टाकू द्यायच्या. गिरणीवाला वैतागायचा. त्या म्हणायच्या, "तुझं काय जातंय? सून माझी हाय."

तीन महिन्यांत मी सदतीसवर गेले. गावात वजन करायचं ते रसूलभाईंच्या दुकानात, पोती मोजायच्या काट्यावर. रसूलभाई आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. मिरची-मसाल्याचा त्यांचा पिढीजात धंदा. काट्यावर मी चढले की मान वळवून उभे राहायचे आणि त्यांच्या बायकोला आकडा वाचायला लावायचे. एवढा अदबशीर माणूस.

मग पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी माझं पोट पुन्हा बिघडलं. साधंच, आंब्यानं. पण आत्याबाई घाबरल्या आणि त्यांनी उपाय सुरू केला. हिंगाचा खडा वाटीभर कोमट पाण्यात विरघळवायचा, पाणी पांढरंधोट झालं की ताकात ओतायचं आणि मला द्यायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

"हिंगासारखं पोटाला दुसरं अवशीद न्हाई," त्या म्हणायच्या. यात खोटं काय होतं? बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत आम्ही सगळ्यांना हिंगच देतो.

पोट थांबेना. पोट थांबेना म्हणून हिंगाचा खडा मोठा झाला. मी छत्तीसवर आले. मग पस्तीसवर.

काट्यावरून उतरताना मी हसले, रसूलभाईंच्या बायकोशी चार शब्द बोलले, आणि घरी येऊन गोठ्यात म्हशीच्या आडोशाला बसले. गहू कणभरही खात नव्हते. म्हणजे डॉक्टर म्हणाले होते ते दुसरं काहीतरीच असणार. मी नंदाच्या वेण्या घालायला आत्याबाईंना शिकवायला लागले. "मी नसले तर" असं काही म्हणाले नाही. नुसतं म्हणाले, "आत्याबाई, तिच्या केसांत गुंता लई होतोय, हलक्या हातानं करावं लागतंय."

 आत्याबाई उठून ताक घुसळायला गेल्या.

साताऱ्याचं बशीतलं चीज

तेवढ्यात हे या वर्षी मधेच थोडी जादा सुट्टी काढून आले. बढती मिळून नायब सुभेदार झाले होते. यांचे जुने कॅप्टनसाहेब रिटायर होऊन साताऱ्याला राहायचे, त्यांच्या पाया पडायला आम्ही गेलो. बाईसाहेबांनी बशीत बिस्किटं मांडली होती आणि प्रत्येकावर चीजचा पिवळा तुकडा. मी म्हणाले, मला चालत नाही. मग केक आला. तोही चालत नाही. शेवटी मी पाण्याचा पेला तेवढा उचलला.

"आमच्या घरचं चालत नाही का हो तुम्हाला?" बाईसाहेबांनी विचारलं. हसून विचारलं, पण यांची मान खाली गेली. मी आजार सांगायला तोंड उघडलं आणि पोटात कळ आली, म्हणून आधी मोरीच कुठं ते विचारावं लागलं. परत आले तोवर यांनी सगळं सांगून टाकलं होतं. बाईसाहेबांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "अगं, चीजमध्ये गहू नाही. खाली बिस्कीट नको, दुसरं काहीतरी घे. चूलसुद्धा पेटवावी लागत नाही."

एस.टी.त हे म्हणाले, "जायच्या आदी घरी पार्टी करू. कॅप्टनसाब, आपली चार गडी माणसं, रसूल. आन् ताटात असं काय तरी ठेवायचं की तू पण सगळ्यांच्यात बसून खाशील."

दोन वर्षं मी लग्नाच्या पंगतीत बसले नव्हते. मी हो म्हणाले. मनात आलं, ही शेवटचीच असेल तर निदान चारचौघांत बसून तरी खाऊ.

आज कापायचं न्हाई

यांची सुट्टी संपत होती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पार्टी नागपंचमीलाच. आणि नागपंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं-भाजायचं नाही, तवा चुलीवर चढत नाही. घरच्यांसाठी वाफवलेली पुरणाची दिंडं, पण ती कणकेची. माझ्या कामाची नाहीत.

यांनी मिलिटरी कँटीनमधून चीजचे दोन डबे आणले होते. आत्याबाईंनी डबा उलटासुलटा करून बघितला.

"उघडायचा कसा ह्यो?"

"पत्रा कापायचा," हे म्हणाले.

"पंचमीला? माझ्या घरात? आजच काप."

म्हणून डबे आदल्या संध्याकाळी कापले आणि चीज ओल्या फडक्यात बांधून पाण्याच्या घागरीवर ठेवलं. आत्याबाईंनी वास घेतला. "साबन हाय नुसता. ह्ये साताऱ्याची लोकं खात्यात?"

चक्का रात्रीच टांगून ठेवला. शाळूच्या लाह्या आधीच फोडल्या होत्या, पंचमीला त्या लागतातच. शेंगदाण्याचा कूट आणि मिरचीचा ठेचा आदल्या दिवशीचा. सकाळी वारुळाला लाह्या-दूध वाहून आलो आणि मी परात घेऊन बसले. सुरी नाही, विळी नाही. चीज बोटांनी कुस्करलं, चक्का मिसळला, ठेचा घातला, कोथिंबीर हातानं तोडून टाकली. लिंबाएवढे गोळे करून अर्धे कुटात घोळवले आणि अर्धे लाह्यांच्या चुऱ्यात. 

"जड पडंल गं लोकास्नी," आत्याबाई म्हणाल्या. "आन् तू खानार. वाईच हिंग घाल."

"घाला की," मी म्हणाले. मीच म्हणाले.

त्यांनी खडा पाण्यात विरघळवला आणि ते पांढरं पाणी चीजवर शिंपडलं.

पार्टी

पाहुणे दुपारी चारला आले. अंगणात सतरंजी, मधे केळीच्या पानावर गोळ्यांची रास. हे ऐटीत म्हणाले, "साब, ह्यात गव्हाचा कन न्हाई. आमच्या मंडळींना गहू इख हाय, म्हनून तिनं सोताच्या डोक्यानं केलंय."

बाईसाहेबांनी एक खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. मग मला शेजारी ओढून बसवलं आणि एक गोळा माझ्या हातात दिला. मी खाल्ला. लाह्या कुरकुरल्या, आतून खारट, मऊ, तिखट. चारचौघांत बसून मी खात होते आणि मला एकदम हसू यायला लागलं. दारातून आत्याबाई बघत होत्या.

रसूलभाईंनी एक तोंडात टाकला, चावला आणि थांबले.

"भाबी, ह्यात हिंग हाय?"

"व्हय," आत्याबाई दारातनंच म्हणाल्या. "तुमच्याच दुकानातला."

रसूलभाईंनी हातातला उरलेला तुकडा पानावर ठेवला. ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "गहू चालत न्हाई म्हनता, मंग हिंग कसा चालतो?"

"हिंगात गहू कुठनं आला?" हे म्हणाले.

"आवं, ह्यो बांधानी हिंग. निवळ हिंग कुनाच्या बापाला सोसंल? जिभंला फोड येतील. डिंक आन् गव्हाचं पीठ घालून बांधत्यात त्यो. खड्यात निम्म्याच्या वर पीठच आसतंय. धंद्यातल्या समद्यास्नी ठावं हाय."

"मंग आदी का न्हाई सांगितलंस रं?" हे ओरडले.

"हिंग कवा इचारला? तू नुसतं गहू बंद हाय म्हनालास. मला वाटलं फोडनीला चिमूट घालत आसतील."

चिमूट! दिवसातून तीन वेळा, ताकातून. ते पाणी पांढरं का व्हायचं? कणीक पाण्यात कालवल्यावर जसं होतं, अगदी तसंच व्हायचं. मी रोज बघत होते. शाळा शिकलेली मी.

मी दाराकडं बघितलं. आत्याबाई तिथं नव्हत्या.

परसात

मला राग आला. खोटं कशाला सांगू? आधी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आधी रागच आला. दीड-दोन महिने मी मरणाची तयारी करत होते, पोरीच्या वेण्यांचा धडा देत होते, आणि कारण आमच्या फडताळात डबीत बसलं होतं. तणतणत मी परसात गेले.

आत्याबाई धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. हिंगाची डबी मांडीवर. आतला खडा चुलीत टाकावा तर पंचमीचं काही जाळायचं नाही, पुरावा तर आज जमीन खणायची नाही. काहीच करता येत नव्हतं म्हणून नुसती डबी धरून बसल्या होत्या.

"आदी खीर," त्या म्हणाल्या. "मंग हिंग. दोनी माज्याच हातानं."

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी शेजारी बसले. "घाला की म्हणून आज मीच म्हणाले," मी म्हणाले.

"तू पोर हायस. मला कळाया नगं?"

मी त्यांच्या हातातली डबी घेतली आणि रसूलभाईंकडं परत दिली. पानावरचे बाकीचे गोळे मी पाहुण्यांकडं सारले. त्यांनी ते संपवले. माझा एक गोळा पोटात गेलाच होता, त्याचे चार दिवस मी भोगले.

काटा

पण हिंगच होता कशावरून? ही शंका दोन महिने माझ्या उशाशी होती. पोट थांबलं, तरी मला खरं वाटेना. एखाद्या दिवशी जरा जड वाटलं की मावशी डोळ्यांपुढं यायची. दुकानातल्या काट्यावर मी गेलेच नाही, भीतीच वाटायची. जे होईल ते मिरजेच्या फेरतपासणीला होऊ दे, म्हणाले.

तुम्हाला एवढंच सांगते. घरात जे जे डबीत, पुडीत, बरणीत आहे ते कशाचं केलंय ते विचारा. दुकानदाराला विचारा, वैद्याला विचारा. आणि जे मायेनं दिलं जातं त्याची चौकशी आधी करा, कारण त्याला आपण कधी नाही म्हणत नाही.

मिरजेला या वेळी आत्याबाई आल्या. परक्या पुरुषापुढं कधी तोंड न उघडणारी बाई, डॉक्टर समोर येताच उभी राहिली.

"डाक्टर, हिचा काय दोस न्हाई. हिंगात पीठ आसतंय. तिला तीन येळा मीच पाजत हुते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. "आजी, हे मलाही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले आणि माझ्या कागदावर त्यांनी मराठीत लिहिलं, हिंग. खाली दोन रेघा मारल्या. "आता काट्यावर उभ्या राहा."

मी डोळे मिटून उभी राहिले. नर्सनं वाचलं, "चाळीस."

"चाळीस म्हंजे?" आत्याबाईंनी विचारलं. "आदी किती हुती?"

"पस्तीस," मी म्हणाले.

त्यांनी बोटं मोजली. मग वाकून माझ्या पायांकडं बघितलं, वहाणा काढल्यात का ते. कमरेला हात लावून बघितला, काही खोचलंय का ते.

"परत हुबी ऱ्हा," म्हणाल्या.

मी खाली उतरून परत चढले. चाळीसच.

आत्याबाई तिथंच फरशीवर बसल्या आणि माझे पाय दोन्ही हातांनी धरले. सुनेचे पाय! मी मागं सरायला लागले, पण त्यांनी सोडले नाहीत.

"न्हाई मारली गं मी तुला," त्या म्हणाल्या. "न्हाई मारली."